कारणाचा रकाना

त्या सकाळी मी नेहमीसारखी उठले, पाणी भरलं, दूध तापत ठेवलं आणि ते वर येईपर्यंत ह्यांचा कामावरचा शर्ट शिवायला घेतला. बाही खांद्यापाशी उसवली होती. "काय झालं हो याला?" असं विचारलं, तर आरशातून न वळता म्हणाले, "अगं, खिळ्याला अडकली." मी दोरा ओवला आणि शिवून टाकली. तेवढ्यात दूध उतू गेलं, ओटा पुसण्यात डबा भरायला उशीर झाला, म्हणून तो दिवस लक्षात राहिला.

बघा, सुरुवातच चुकली. आधी व्यासपीठाला नमस्कार करायचा असतो. तर, समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या मुख्य परिचारिका बाई, तक्रार समितीचे सन्माननीय सभासद, लॉन्ड्रीतून, वॉर्डांतून आणि स्वयंपाकघरातून हातातलं काम ठेवून आलेली माझी सगळी माणसं, आणि "जास्त बोलू नका हं, वहिनी" असं बजावून मागच्या रांगेत बसलेले माझे दीर-जाऊ, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

साहेबांनी आत्ता माझं फार कौतुक केलं. सव्वीस वर्षांत शिवणखोलीतली एक सुई हरवली नाही म्हणाले. हरवल्या, साहेब. पुष्कळ हरवल्या. मी घरून आणून ठेवायचे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन वाचनालयातून, कपाटाच्या खालच्या फळीपासून वरच्या फळीपर्यंत, जे हाती लागेल ते. हे गेल्यावर मी इथे लागले. जिन्याखालची ती खोली तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. एक यंत्र, एक टेबल, लॉन्ड्रीच्या अंगणाकडे उघडणारी खिडकी. आणि दुरुस्तीची नोंदवही. तिच्यात पाच रकाने: तारीख, कपडा, विभाग, दुरुस्ती आणि कारण. माझ्या आधीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं, "कारणात 'वापराने' लिहायचं. वरून खालपर्यंत. कुणी वाचत नाही, आपणही विचारायचं नाही." मी तसंच लिहीत गेले. चादर, वापराने. उशीचा अभ्रा, वापराने. गणवेश, वापराने.

पण मंडळी, शिवणाऱ्या बाईला कापड खोटं बोलू शकतं का? खिळ्याला अडकलेलं कापड काटकोनात फाटतं, बोट घालून बघा. हाताने धरून ओढलेल्या बाहीचं कापड धड राहतं आणि खांद्याची शिवण उसवते. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. ह्यांच्या शर्टाची शिवण उसवली होती.

दीड वर्षाने हे कारखान्यातच, यंत्रापाशी गेले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं, मी त्यात माझं काही जोडणार नाही. भेटायला आलेल्या सोबत्याने सांगितलं की तिथला फोरमन ह्यांना सगळ्यांदेखत बाहीला धरून या यंत्रापासून त्या यंत्रापर्यंत ओढत न्यायचा. "वहिनी, तुम्हाला माहीत नव्हतं?" मी नाही म्हटलं. तो उसवलेला खांदा माझ्या मांडीवर येऊन गेला होता, तरी नाही म्हटलं. त्या सकाळी मी सुई खाली ठेवून दुसऱ्यांदा विचारलं असतं, तर कदाचित त्यांनी सांगितलं असतं. कदाचित नसतंही. निदान मी विचारलं होतं, एवढं तरी राहिलं असतं.

आता एवढं भोगून आलेली बाई इथे तरी शहाणी झाली असेल, असं तुम्हाला वाटेल. तेच सांगायला उभी आहे.

जुन्या लोकांना आमची गुणगुणी आठवत असेल. चादरींच्या घड्या घालताना सारखं काहीतरी गुणगुणायची, म्हणून ते नाव. सूर अगदी बेताचा. स्वयंपाकघरातले आचारी म्हणायचे, "बाई गं, वरण नासेल." ती आणखी मोठ्याने गुणगुणायची. आणि तेव्हाचे लॉन्ड्रीचे पर्यवेक्षक, ज्यांना सगळे मागून 'घड्याळ' म्हणत. ते हातात घड्याळ धरून हिच्यामागे उभे राहायचे. "काय गं, लग्नघरात आलीस का? चल, मोज किती झाल्या." मोजताना अडखळली की बाहीला धरून, ओढत, चादरींच्या पहिल्या गठ्ठ्याशी. पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या हसायच्या, कारण न हसणारीचा नंबर पुढचा असायचा. माझी खिडकी उघडीच असे.

एका महिन्यात तिचा गणवेश माझ्या टेबलावर तीनदा आला. तिन्ही वेळा तीच बाही, तोच खांदा. तिसऱ्या वेळी ती थांबली.

"मावशी, कारणात काय लिहिणार?"

"नेहमीचंच."

तिने वहीत डोकावून वाचलं. "बरोबर आहे," म्हणाली, "वापरूनच फाटलं." आणि हसली. मीही हसले. ते हसू मला अजून गिळता आलेलं नाही.

पुढे तिने धीर करून तक्रार केली. समितीने विचारलं, "बाही तीनदा फाटली म्हणतेस, पुरावा काय?" ती म्हणाली, "मावशींच्या वहीत आहे." बिचारीला वाटलं, वही तिच्या बाजूने बोलेल. मला वहीसकट बोलावलं. तीन नोंदी, तीनदा 'वापराने'. एक सभासद म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं." मग विचारलं, "नोंदी तुमच्याच ना?" मी म्हटलं, "हो." "मग खरं काय?" मी म्हटलं, "तशी पद्धत आहे." ती माझ्याकडे बघत होती. तक्रार निकाली निघाली. महिन्याभरात तिने काम सोडलं.

तिची आई गणवेश परत करायला आली. दोन जोड, धुऊन, इस्त्री करून. मी विचारलं, "कशी आहे हो?" त्या म्हणाल्या, "जेवते. कपडे वाळत घालते. घरात आवाज नाही." मी पावती फाडून दिली. दुसरं काय द्यायचं ते सुचलं नाही.

पुढे ती चौकशी पुन्हा उघडली. का उघडली ते शेवटी सांगते. घड्याळांची बदली भांडारात झाली, एवढंच झालं. ते निवृत्त झाले तेव्हा याच सभागृहात त्यांना हार घातला गेला, मी हात मांडीवर ठेवून बसले होते. गुणगुणी परत आली नाही. मी दोनदा तिच्या घरी गेले. दुसऱ्यांदा तिने चहा दिला. 

तेव्हापासून शिवणखोलीत आणखी एक वही आहे. अकरा वर्षं झाली. जाच सांगायला येणाऱ्या कुणाचंच नाव तिच्यात नाही. येणाऱ्याने माझ्या डब्यातून आपला दोरा निवडायचा आणि मी त्या दोऱ्याचा एक टाका पानाच्या कोपऱ्यात घालायचा. निळा कोण, पिवळा कोण, हे तो आणि मी, दोघांनाच ठाऊक. त्याच दिवशी लिहायचं, वेळ घालून, जे शब्द कानावर पडले तेच शब्द, आसपास कोण होतं ते. मग मी वाचून दाखवायचं. खोड म्हटलं तर खोडायचं. आणि ज्याचा दोरा त्याने सांगितल्याशिवाय पान खोलीबाहेर जाणार नाही. पुरुषही आले. एक थोराड वॉर्डबॉय बराच वेळ दोराच निवडेना, शेवटी म्हणाला, "मावशी, गुलाबी चालेल का?" चालला. चार वेळा ती पानं समितीपुढे गेली, तीनदा ऐकून घेतलं गेलं. त्याबद्दल आत्ताच्या समितीचे आभार.

ती वही आता कुणाकडे आहे ते सांगणार नाही. ती व्यक्ती या सभागृहात बसलीय. चुकून नजर जाऊ नये म्हणून मी मघापासून दाराकडे बघत बोलतेय, तेव्हा म्हातारीला गर्व झाला असं समजू नका.

साहेब, एक मागणं आहे. दुरुस्तीची नोंद आता संगणकावर होणार, चांगलं आहे. पण त्या नव्या तक्त्यात कारणाचा रकानाच नाही, असं कळलं. कुणी वाचत नाही म्हणून काढला म्हणे. तेवढा एक रकाना राहू द्या. आणि अधूनमधून वाचा.

तुम्ही मला शाल दिलीत, खुर्ची दिलीत, इतका वेळ ऐकून घेतलंत. मी सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात मान राखायचा कुणाचा राहिला असेल, किंवा निरोपाच्या दिवशी ऐकवू नये असं काही ऐकवलं गेलं असेल, तर या बाईला पदरात घ्या. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर तोही माझ्याच ताटात राहू द्या.

शेवटचं राहिलं होतं. गुणगुणीची आई येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास लवकर आले. जुनी नोंदवही काढली. तिन्ही ठिकाणी 'वापराने' वर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'हाताने ओढल्यामुळे. मी खिडकीतून पाहिलं.' शेजारी सही केली, तारीख घातली, आणि वही समितीच्या टेबलावर उघडी ठेवून आले.