सहीआधी दोन शब्द

सन्माननीय अध्यक्षमहाशय, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते पोलीस ठाण्याचे प्रमुख, माझे एके काळचे विद्यार्थी आणि आता सगळ्यांचे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आणि पंख्याखालच्या जागा पटकावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

साहेब शाळेत कविता म्हणायचे, तेव्हा खिडकीतलं ऊनही बाकावर टेकून ऐकतंय असं वाटे. काय दिवस होते ते! त्याच मऊ आवाजात साहेबांनी भलेभले बोलते केले, असं आत्ताच तिघा वक्त्यांनी सांगितलं. कधी हात उगारला नाही. चहा पाजला, गप्पा मारल्या, माणूस आपसूक कबूल झाला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण समोरच्याला कुणी सांगतं का हो, की बाबा रे, या गप्पा नव्हेत, हा जबाब आहे, आणि तुला गप्प बसायचा अधिकार आहे?

विषयांतर वाटतंय? अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, ते मी पाहिलं.

मला कालपर्यंत आमंत्रण नव्हतं. आज सकाळी दारात एकदम गाडी! चालकाला विचारलं, "अरे, एवढा मान कशापायी?" तर म्हणतो, "सर, बसा हो तुम्ही. कार्यक्रम संपेपर्यंत तुम्हाला सोडायचं नाही, अशी ऑर्डर आहे." तो हसला. मला हसू आलं नाही, कारण त्याच्या थोडं आधी माझ्या भाच्याला ठाण्यात नेलं होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवतो, तोच. सराफाकडे चोरी झाली, कुलूप मात्र शाबूत. मग संशय आणखी कुणावर यायचा? संशयाबद्दल माझी तक्रार नाही. सकाळपासून मीही तेच करतोय.

पण या पोराला 'नाही' म्हणताच येत नाही. शाळेत काच फुटली, हेडमास्तरांनी दरडावलं, "तूच ना रे?" हा म्हणाला, "हो सर." मागून कळलं, काच फुटली त्या दिवशी स्वारी गोवर येऊन घरी पडली होती!

माझी भाचेसून इथे शेवटच्या रांगेत बसली आहे. ठाण्यात तिनं विचारलं, "त्यांना कशासाठी धरलंय?" उत्तर मिळालं, "वहिनी, साधी चौकशी. चहा पितोय तो." तिनं बोलावलेल्या वकीलबाईंना तर दारातच अडवलं. आतून त्यांना ऐकू आलं, "तुला वकील नको ना रे?" आणि आमचे भाचेराव म्हणाले, "हो साहेब."

आता जरा इकडे बघा. ही ठाण्यातल्या धाकट्या साहेबांची खुर्ची. पुष्पगुच्छ आलाय, साहेब आलेले नाहीत. चहा पाजायची कला ते आपल्या सत्कारमूर्तींकडूनच शिकले. या घटकेला ते कुणाला चहा पाजत असतील?

साहेब, संध्याकाळी पदभार सोपवाल, तोवर ठाणं तुमचं आहे. भाचा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मी मामा, माझ्या शब्दावर कशाला जाता? ते न्यायालय बघेल. पण त्याला का धरलं ते त्याला आणि त्याच्या बायकोला सांगा, वकीलबाईंना आत घ्या, आणि तोवर एकही प्रश्न नको. हे उपकार म्हणून मागत नाही; चोरालासुद्धा हे मिळायला हवं. एवढा हुकूम धाकट्या साहेबांना इथूनच फोनवर द्या. आणि शाळेतल्यासारखं सांगतो, बाळ, फोन माइकजवळ धर. म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं.

टाळ्या नकोत, पलीकडचं ऐकू द्या.

ऐकलंत ना सगळ्यांनी? "सर, जबाब झालाय, फक्त सही राहिलीय." आणि आपले साहेब काय म्हणाले? "सही थांबव. वकीलबाईंना आत घे."

आभारी आहे, साहेब. मनापासून. अध्यक्षमहाशय, आपलेही आभार. समारोपाआधी व्यासपीठ सोडणं शोभत नाही, बोलण्यातही अधिक-उणं झालं असेल. तेवढं पोटात घाला. साहेबांनी 'थांबव' म्हटलंय खरं, पण खरंच थांबवलंय का, ते बघायला आम्ही दोघं निघालो. ऊठ गं, सूनबाई.