पडद्यावरची सेवायात्रा

“दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं तर पडू द्यावं, आपण त्यात पडू नये,” असं शिवणबाईंची आई सांगायची. म्हणून दाताच्या दवाखान्यात शेजारच्या नणंद-भावजयींची जुंपली, तेव्हा शिवणबाई आपला नंबर यायची वाट बघत राहिल्या.

“वहिनी, घाटरस्ता खचलाय, चर्चची सेवायात्रा यंदा ऑनलाइन, इथवर कळलं. पण अंधाश्रमातल्या म्हाताऱ्यांना तुम्ही फोटो दाखवणार?”

“चाळीस आहेत. मंडळींनी हौसेनं काढलेत.”

“बघणार कोण? भिंती?”

“हळू बोल, गाल सुजलाय ना तुझा? गाणी आहेत, पाळकांचं प्रवचन आहे.”

“आणि म्हाताऱ्यांनी कधी बोलायचं?”

“त्यांचा आवाज बंद ठेवणार आहोत. फार गोंधळ होतो गं.”

“गोंधळ! दरवर्षी आठवडाभर त्यांच्या उशाशी बसून ऐकतो, हीच आपली सेवा ना? आश्रमातल्या एका आजींना शब्द दिलाय मी, यंदाही रोज तुमचं ऐकीन म्हणून.”

“पुढच्या वर्षी ऐक.”

“नव्वदीच्या आहेत त्या! पुढचं वर्ष काय तुमच्या पर्समध्ये ठेवलंय?”

“कार्यक्रम ठरलाय. मी काही बदलणार नाही.”

तेवढ्यात नर्सनं नणंदेला आत बोलावलं.

“माझ्याऐवजी या ताईंना आत घ्या,” शिवणबाईंकडे बोट दाखवून ती म्हणाली आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसली. सुजलेला गाल सोडून तिनं दुसऱ्या कानाला फोन लावला.

“आश्रमाचं स्वयंपाकघर ना? मावशी, आजींना जरा फोन द्या. नाही, घाई नाही. त्यांना सावकाश येऊ द्या.”