ग्लेनिस रडली नव्हती

दुपारचा प्रयोग आटोपून इसोबेल मिडल्सब्रोच्या बसथांब्यावर उभी होती. कारखान्यातल्या स्फोटात नवरे गमावलेल्या बायकांच्या मुलाखती, एकही शब्द न बदलता, त्या नाटकात घेतल्या होत्या. तिच्या वाट्याला ग्लेनिसची भूमिका आली होती. पुढे रांगेत दोघी म्हाताऱ्या बहिणी तावातावाने बोलत होत्या.

"शब्द माझेच होते गं बेरिल, पण मी रडले होते का?"

"छे! तासभर मालकांचा उद्धार करत होतीस."

"त्या नाटकवाल्यानं ते टेपसुद्धा केलंय. आणि स्टेजवर बघते तर ही ग्लेनिस आपली मुळूमुळू रडतेय! मालकांना काय, बरंच झालं. रडणाऱ्या बाईला कोण घाबरतं?"

"मग सांगायचंस तिथंच तोंडावर."

"सांगणारच होते."

"सांगणार होतीस म्हणे! सगळ्यांच्या आधी उठून टाळ्या कुणी वाजवल्या?"

"काय करू? पडदा पडायची वेळ झाली, तरी त्या पोरीचे डोळे ओलेच होते गं."

बस आली. दोघी एकमेकींना धरून चढल्या. ड्रायव्हरने इसोबेलकडे पाहिलं. तिने मान हलवून नको म्हटलं आणि ती तिथेच उभी राहिली.