तू पहिले गाडीत बस

"हॅलो?… हॅलो, राखी?… हाव, दादाच बोलून राहिलो. आवाज येते ना?… ऐक, विमानाचं झालं. दुपारचं आहे, तिथून दिल्ली, अन् मंग उद्या सकाळी नागपूर. नागपूरले मी येतो गाडी घेऊन. आता फक्त रेल्वेचं राहिलं, तुह्या गावावरून विमानतळापर्यंतचं. ते काढलं की झालं… अवं, पहिले रडनं थांबव, मंग बोल."

धनंजय अंगणात पेरूच्या झाडाखाली बसला होता, प्लास्टिकच्या खुर्चीवर. समोर धानाची दोन पोती एकावर एक रचून त्यावर लॅपटॉप. एकोडीतल्या त्याच्या घराला रेंज मिळते ती एवढ्याच जागी. ओसरीत पाऊल टाकलं की गेली. आणि ओसरीतच खाटेवर भय्याजी पडले होते, त्याचे बाबा. डोक्यातली नस फुटली, वाचा गेली, आणि काल भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हात जोडून 'घरी न्या' म्हटलं. घरी न्या म्हणजे काय, हे कळायला काही डॉक्टर असावं लागत नाही. लहान बहीण राखी जर्मनीत, कुठल्याशा डोंगरातल्या गावी म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नर्स होती. बापानं डोळे मिटायच्या आत ती पोहोचावी, धनंजयला दुसरं काही नको होतं.

"हाव, मीच काढतो. तुले काही करनं नाही. अर्ध्या साकोलीचे तिकिटं मी काढतो, तुहं एक नाही काढनार?… उघडलं ना, त्यायच्या रेल्वेची साईट उघडूनच बसलो आहो. थांब… प्रवासी एक… आता हे काय विचारून राहिलं?… कुत्रा आहे का म्हनते सोबत. सायकल आहे का म्हनते… नाही ना? मंग नाही टाकतो… हाव, आली. तुह्या तिकडच्या टायमानं साडेआठची छोटी गाडी. वुर्ट्सबर्गले उतराचं… वुर्ट्सबर्ग, हाव, जसं जमलं तसं म्हनलो… तिथून मोठी गाडी, सीधी विमानतळाच्या खाली नेऊन सोडते. पन बदलाले सात मिनिटं आहेत फक्त. सात मिनिटांत बॅग घेऊन पूल चढशील उतरशील तू? गोंदियाले सात मिनिटांत मानूस पुलावर चढतबी नाही… तिकडे पुरतात? बरं, पुरतात तं पुरतात."

वेटिंग नाही, तत्काळ नाही, कोटा नाही, लोअर बर्थसाठी कोणाच्या हातापाया पडणं नाही. साकोलीत तिकिटांचं दुकान चालवणाऱ्या धनंजयनं असली रेल्वे जन्मात पाहिली नव्हती. त्याला तेवढ्यात बरंही वाटलं. म्हटलं, एक तरी गोष्ट आज सोपी आहे.

"दोन तिकिटं दाखवून राहिलं. एक स्वस्त आहे, पन त्याच गाडीले चालते. गाडी चुकली की तिकीट गेलं. दुसरं महाग, त्याच्यावर दिवसभर कोनत्याबी गाडीत बसा. मी महागवालंच घेतो… काय?… उद्याचं?… उद्याचं काहून?… स्वस्त आहे म्हनून?… अवं, विमान आज आहे ना!… रद्द कर? विमान रद्द कर?… राखी, तू होशमध्ये आहेस का?… कायले येतो म्हनली?… तेरवीले?… कोनाची तेरवी?"

हातातला माऊस धानाच्या पोत्यावरून खाली पडला.

"अवं, जिता मानूस आहे तो! मले इथून पाय दिसून राहिले त्याचे!… नाही गेले. नाही गेले म्हनतो ना… तब्येत जास्त आहे एवढंच म्हनलो मी, अन् तब्येत जास्तच आहे! मंग काय म्हनू?"

आता यात राखीचं तरी काय चुकलं? आमच्याकडे मेलेल्या माणसाची तब्येत कायम 'जास्त'च असते. लेक लांबच्या गावी असली की तिला फोनवर खरं सांगायचं नाही. पोर एकटी, रस्त्यात काही करून घेईल. म्हणून 'तब्येत जास्त आहे, निघ' म्हणायचं, आणि इकडे अंगणात बांबू बांधत तिची वाट पाहायची. सगळे हेच करतात. ऐकणाऱ्याला कळतं, सांगणाऱ्यालाही कळलेलं असतं की तिला कळलं. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा धनंजयनंही हेच केलं. नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला होता पुंडलिककाकांनी. राखी तेव्हा नागपूरला शिकत होती, वयानं लहान, तिनं ते खरंच मानलं. येताना आईचे पाय शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी विकत घेऊन आली. पिशवी हातात घेऊन अंगणात शिरली आणि समोर तिरडी. भावाशी ती त्यानंतरही बोलायची, हसायची, राखी पाठवायची. पण त्याच्या शब्दावरचा भरवसा जो उडाला तो उडालाच.

"आईच्या टायमाले बोललो. मान्य आहे… हाव, खोटं बोललो… ती पिशवी कायले काढतेस आता?… अवं, तवा खोटं होतं, आता खरं आहे! मी काय करू, तूच सांग… शप्पथ?… कोनाची?… गुड्डीची?"

गुड्डी त्याची लेक, चार वर्षांची. खळ्यावरचं धान मुठीत घेऊन कोंबड्यांना टाकत होती. पोटच्या पोरीची शपथ बाप माणूस सहसा घेत नाही, जीभ अडते. पण खरं बोलणाऱ्याला कसलं भेव?

"घेतली. गुड्डीची शप्पथ, बाबा जिते आहेत. झालं?… नाही?… शपथेवरबी नाही? आता काय जीव काढून दाखवू का मी?… व्हिडिओ? हाव, लावतो, हे पाह्य लावला. आत जाऊन राहिलो… हे पाह्य, ओसरी… हे बाबा. दिसले?… दिसले ना?… काय म्हनते?… हालून नाही राहिले?… अवं, चित्र अडकलं, चित्र! बाबा नाही… राखी, किंचाळू नको. रेंज नाही इथं म्हनून ते… हॅलो?… हॅलो!"

तो धावत पेरूखाली आला. पुन्हा नंबर लावला. लॅपटॉपवर तोवर सगळं पुसलं गेलं होतं आणि पहिलं पान येऊन बसलं होतं, जणू काही घडलंच नाही.

"हॅलो… ऐक, फोन ठेवू नको. रड, पन ठेवू नको… काका! अवो काका, इकडे या, त्या बाजूनं खाट धरा. बाहेर घेऊ… हाव, अंगनात… मले माहीत आहे, काका. जित्या मानसाले अंगनात नाही काढत, मले माहीत आहे! पन तिले इथंच ऐकू जाते. घरात ऐकू नाही जात. धरा म्हनतो ना!"

पुंडलिककाकांनी उभ्या जन्मात रीत मोडली नव्हती. धाकटा भाऊ अजून श्वास घेतोय आणि त्याला अंगणात न्यायचं, म्हणजे मेल्यासारखंच की! म्हातारा खाटेचा पाय धरून तसाच उभा राहिला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मग वाकला आणि उचलली त्यानं खाट. धनंजयच्या बायकोनं, रीनानं, आणि जमलेल्या बायकांनी तोंडं फिरवली. बाप जिवंत आहे हे पोरीला पटवायचं तर मेल्या माणसाची वाट त्याला आधी चालवावी लागली, कायची वेळ ही!

"बाबा… बाबा, राखी आहे. फोनवर राखी आहे… बोल वं, लावला बाबाच्या कानाले. बोल."

ती काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नाही. भय्याजींच्या डाव्या हाताची बोटं तेवढी गोधडीवर सरकली, काहीतरी शोधल्यासारखी.

"बोटं हालवली, राखी! तुह्या आवाजावर हालवली. थांब, आता तोंडाजवळ धरतो. ऐक तू."

सगळं अंगण ऐकत राहिलं. एक घरघर आली. मग काहीच नाही. फार वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक घरघर.

"ऐकला?… हाव, बाबाचाच… हाव, मधात थांबते. सकाळपासून असाच थांबून राहिला… नखं? थोडी निळी दिसून राहिली… पाय? रीना, पाय पाह्य बरं बाबाचे… थंड आहेत म्हनते. घोट्याच्या वरपर्यंत… काहून? काहून विचारतेस तू हे?… राखी?… बोल नं वं."

राखी रोजच म्हाताऱ्यांच्या उशाशी बसणारी. असल्या श्वासांशेजारी तिनं किती रात्री काढल्या असतील. धनंजयला जे दिसत होतं पण उमगत नव्हतं, ते तिला नुसतं ऐकून उमगलं. तिला पटलं. इतका वेळ बाप मेला म्हणून रडत होती, आता मरतोय म्हणून रडायला लागली. यातलं कोणतं रडणं बरं, ते धनंजयला काही सांगता आलं नसतं.

"पोहोचत नाही?… कोन म्हनते पोहोचत नाही! तू निघ… मले नाही समजत ते. तू निघ, बस… काय ठेवू पायाले?… कोनती पिशवी?… हाव, आहे ना. आईसाठी आनली होती तीच. पेटीत आहे, एक दिवस वापरली नाही कोनी… रीना, ते रबरी पिशवी काढ अन् गरम पानी भर… काढून राहिली, राखी. ठेवते आता… हाव, फडकं गुंडाळून ठेवते, चटका नाही बसू देत… मी तिकीट काढतो तोवर. साडेआठची तं गेली, नवाची आहे, विमान अजूनबी भेटते… कुत्रा नाही… सायकल नाही… सीट वेगळी घ्या लागते म्हनते. तिकिटात सीट नाही, हे तं भलतंच आहे… खिडकीची घेतो. तोंड तिकडे करून बसता येते… हं, आता तुह्या मोबाईलवर आलं असन, पैसे कापाचं विचारून राहिलं असन. दाब… दाब नं, बाई… दाबलं? फिरून राहिलं… फिरून राहिलं… आलं! राखी, आलं! कन्फर्म! वेटिंग नाही, काही नाही, सरळ कन्फर्म!"

तो उभाच राहिला होता. त्या घरात तिकीट निघालं की पहिल्यांदा बाबांना सांगायचं, अशी सवय. म्हणून तो हसत हसतच खाटेकडे वळला. रीना बाबांच्या पायाशी पिशवी धरून बसली होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे पुढच्या श्वासाची वाट पाहत होते, आणि तो आला नव्हता.

रीनानं तोंड उघडलं, तोच पुंडलिककाकांनी हात वर केला. एका म्हाताऱ्या हाताखाली सगळं अंगण गप्प झालं. बायकांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले. काकांनी गुड्डीला जवळ ओढून मांडीवर घेतलं.

"…हॅलो?… हाव, आहो ना. इथंच आहो… काही नाही, तिकीट पाहून राहिलो. तू निघ आता. पासपोर्ट घे… गरम कपडे नको घेऊ, इथं नाही लागत… स्टेशनवर गाडीचा नंबर पाहूनच चढ. दाराचं बटन दाबा लागते म्हनत होतीस ना, दाब ते… बाबा?… हाव… पिशवी ठेवली ना पायाले. ठेवलीच आहे… शांत?… शांत काहून म्हनजे? लोकं जेवाले गेले. दुपार झाली ना इकडे… रीना वाढून राहिली… श्वास?… नाही ऐकू येत, कारन मी जरा दूर आलो ना, रेंजसाठी…"

बोलून गेला आणि त्यालाच कळलं. रेंज कुठे आहे हे त्या घरात वाढलेल्या पोरीला सांगायला नको होतं.

"…हाव. हाव, खाट पेरूखालीच आहे… राखी, ऐक, तू पहिले गाडीत बस. गाडीत बसली की बोलू आपन सगळं… काय?… घेतली ना मघा शप्पथ… मघाची मघा झाली?… आत्ताची?"

गुड्डी काकांच्या मांडीवरून बापाकडे बघत होती. मुठीतलं धान तिनं अजून सोडलं नव्हतं.

"…हॅलो?… हॅलो, राखी?… आवाज नाही येऊन राहिला… हॅलो? तुटून राहिला तुहा आवाज… नवाची गाडी आहे, खिडकीची सीट आहे… हॅलो?… काहीच ऐकू नाही येत, बाई. ठेवतो."

पेरूखाली रेंज पूर्ण होती. राखीचा आवाज शेजारच्या घरातून यावा इतका स्वच्छ येत होता. धनंजयनं फोन बंद करून धानाच्या पोत्यावर पालथा ठेवला आणि काकांकडे पाहून मान हलवली. मग बायकांनी तोंडातले पदर काढले.