पाटी पडलेला बाक

वुकिले : ...आणि मी उभाच राहिलो, मास्तर. पाऊण तास.

मास्तर : बाक रिकामा होता?

वुकिले : रिकामा. 'फक्त गोऱ्यांसाठी' ही पाटी वाऱ्यानं केव्हाच खाली पडलेली. स्टेशनात चिटपाखरू नव्हतं. दिवसभर गोदीत पोती उचलून पायाचे तुकडे पडलेले. तरी मी बाकाशेजारी उभा, ताठ!

मास्तर : का नाही बसलास?

वुकिले : तेच तर विचारायला आलोय.

मास्तर : सोमवारपासून मी प्रत्येकाशी हेच बोलतोय. तू अकरावा. पाटी लाकडाची असते, ती कधीतरी पडते. पण ती वाचून वाचून जी आपल्या पायांत शिरते ना, ती आपोआप निघत नाही. कुणी बघत नसताना आपण कुठे उभे राहतो, ते आधी बघ.

वुकिले : अकरा वेळा तेच तेच? कंटाळा नाही येत?

मास्तर : येतो रे. पूर्वी पेपरात एकदा लिहिलं की हजारोंनी वाचायचे. कॉलेजात एकदा बोललो की शंभर पोरं ऐकायची. आता सरकारी हुकूम आहे, माझं नाव छापायला बंदी, आणि एका वेळी एकाच माणसाशी बोलायचं. तिसरा आला की जमाव, जमाव झाला की तुरुंग. घसा बसलाय माझा. जा आता. आणि स्टोव्ह विसरू नकोस.

वुकिले : अकरा जणांनी आणला हाच स्टोव्ह दुरुस्तीला! पोलिसांनी अडवलं तर सांगायचं म्हणून घोकून घोकून मलाच खरं वाटायला लागलंय की हा बिघडलाय.

मास्तर : बिघडलाच आहे. तुम्ही सगळ्यांनी उगाच पंप मारून त्याचा वॉशर घालवलात. पळ.

(वुकिले जातो. शाल गुंडाळलेली नोबांटू, मास्तरांची बायको, परसातून आत येते.)

नोबांटू : संपलं? टोलो, तो देश सोडायचा कागद उद्या दुपारपर्यंत द्यायचाय. केलीत सही?

मास्तर : नाही. जायची परवानगी मोठ्या अक्षरांत, परत यायची मनाई बारीक अक्षरांत.

नोबांटू : वाचलंय मी. आपली लेक लिंडेल्वा तिकडे परदेशात, लुसाकात, एकटी बाळंत झाली. मला जायचंय.

मास्तर : आणि या अकरा जणांचं काय?

नोबांटू : बारावीचं काय, ते विचारा.

मास्तर : बारावी कोण?

नोबांटू : मी! सात वर्षं झाली, कुणी आलं की मी परसात. अंगात ताप असला तरी परसात. भिंतीतून नुसती गुणगुण ऐकू येते. आत काय बोललात, एकदा तरी सांगितलंत मला?

मास्तर : अगं, समोर पोलिसांची गाडी असते. तुला माहीत नाही का?

नोबांटू : कुठे आहे? बघा खिडकीतून.

मास्तर : ...आज नाही दिसत.

नोबांटू : महिना झाला, येत नाही. मी रोज बघते ना परसातून. तरी दार वाजलं की माझी मीच उठते, शाल घेते, बाहेर जाते. आणि तुम्ही मागून कडी लावता.

मास्तर : लिंडेल्वाची आई... मला दिसलंच नाही गं.

नोबांटू : बघितलं नाहीत.

मास्तर : लाज वाटते मला. अकरा जणांना एका बाकाबद्दल शहाणपण शिकवत बसलो. तू म्हणशील तर आत्ता सही करतो. मीही थकलोय.

नोबांटू : सहीचं उद्या बघू. जाऊ, नाहीतर राहू. पण त्याआधी मला एकदा माझ्या घरात बसायचंय. घरात माणूस आलेला असताना. वुकिले अजून फाटकाशी विडी ओढतोय. बोलवा त्याला.

मास्तर : समोरच्या बाईनं तिघांना बघितलं आणि कळवलं, तर देश सोडायचा परवाना गेला. मी तुरुंगात, तू एकटी.

नोबांटू : ठाऊक आहे. भीती मलाही वाटते, टोलो. बोलवा.

मास्तर : वुकिले! ए वुकिले! इकडे ये जरा.

वुकिले : काय राहिलं, मास्तर? ...अरे, आई आत आहेत होय. बोला तुम्ही, मी परसात थांबतो.

नोबांटू : परसात वारा फार असतो, बाळा. ये, आत बस.