एकशे तीन बायकांतली एक

एकशे तीन! आता तुम्हीच सांगा, एकशे तीन बायकांमधून आपली पणजी माणसानं ओळखायची कशी? १९११ सालची जनगणना, गिरडकडचं आमचं मूळ गाव, घरं एकेचाळीस, पुरुष एकशे नऊ, स्त्रिया एकशे तीन, संपलं गाव! नाव एकाचंही नाही. आणि हे मला माहीत असायला हवं होतं की नाही? छत्तीस वर्षं वर्ध्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलंय मी, डॉक्टरेट आहे, हेच तक्ते फळ्यावर काढून पोरांना सांगायचो, "एकटा माणूस विसरा, बेरीज बघा!" आणि आता नागपूरच्या लायब्ररीत भिंग घेऊन हा शहाणा बेरजेतून एकटी बाई शोधतोय! त्या एकशे तिनांत ती आहे, एवढं मात्र खात्रीनं सांगतो. म्हणजे... बहुतेक. त्या दिवशी माहेरी गेलेली असली तर?

"पण सर, कशासाठी पाहिजे?" लायब्ररीतल्या बाईंनी विचारलं. सगळे हेच विचारतात हो!

चूक माझीच आहे. माझी बायको शकुंतला मागच्या आषाढात गेली. बाराव्याला भटजी म्हणाले, "आता ह्यांना आधीच्या तिघींत मिळवायचं. सासू, आजेसासू, पणजेसासू. नावं सांगा." सासू म्हणजे माझी आई, तिचं सांगितलं. आजीचं सांगितलं. पणजी? मी भटजींकडे बघतोय, भटजी घड्याळाकडे, त्यांना पुढचं काम होतं पुलगावला. "राहू द्या सर, गंगा म्हणू. माहीत नसलं की आम्ही गंगाच म्हणतो." आणि मी मान हलवली! डोलवलीच म्हणा ना, नंदीबैलासारखी!

घरी आलो, चहा ठेवला, एकाच कपाचा, अजून पाणी जास्तच पडतं... आणि एकदम धडकी भरली. चव्वेचाळीस वर्षं संसार केलेली बाई मी कोणाच्या हवाली करून आलो? कोण ही गंगा? तिथं हजार गंगा असतील! भलत्याच घरच्या सासवांच्या रांगेत नेऊन बसवली असेल तिला तर? मी हे मानत नाही हो. मानणाऱ्याचं बरं असतं, तो भटजींवर सोडून मोकळा होतो. न मानणाऱ्यानं कोणावर सोडायचं? मग ठरवलं, वर्षश्राद्धाला खरं नाव सांगायचं.

जनगणनेत नाही तर कोतवाल बुकात असेल, म्हणाले कोणी. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहून ठेवायचा, ते बुक. गेलो कचेरीत. तिथं मुकेश नावाचा क्लार्क.

"जात पडताळणीसाठी काय सर?"

"नाही."

"मंग वावराच्या वारसाचं असन."

"तेही नाही."

"मंग काऊन पाह्यजे?"

घ्या! आणि अर्जात रकानाच आहे, प्रयोजन! आता काय लिहू तिथं? 'बायको चुकीच्या रांगेत बसली असण्याची शक्यता'? पेन धरून इतका वेळ उभा राहिलो की मागचा माणूस करवादला, "अजी बाबाजी, लिवा ना जात पडताळणी! सगडे तेच लिवते!" लिहिलं. सरकारी कागदावर खोटं, ह्या वयात! उद्या पकडलं तर जामिनाला कोण येणार? एकुलती एक मुलगी ज्योत्स्ना, ती मेलबर्नला!

पण मुकेश भला माणूस. चार तास पानं उलटत होता. १९१८ साल, तापाची साथ, पानंच्या पानं भरलेली... "सापडलं सर!" माझा चष्मा पुसूनच होईना. तो वाचतोय, "तानबा याची बायको. वय अंदाजे चाळीस. ताप."

"पुढे?"

"पुढं काई नाई."

तानबा म्हणजे माझे पणजोबा. त्यांचं नाव आहे, आजाराचं नाव आहे, तिचं नाही! आणि मुकेश खूश! "नवऱ्याचं नाव हाय ना सर, बस. पडताळणीले तेवढंच लागते."

ज्योत्स्नाला फोन केला. "बाबा, कशासाठी पाहिजे तुम्हाला हे? जेवता ना वेळेवर?" जेवतो म्हटलं. "आज काय जेवलात?" तर मला आठवेचना हो! मी आठवतोय, आणि मिनिटं चालली आहेत तिची.

शेवटी सिंदी रेल्वे ह्या गावी कमलाआत्याकडे गेलो. माझ्या वडिलांची चुलतबहीण, नव्वदीची, कान गेलेत, जीभ शाबूत. माझी पणजी ती तिची सख्खी आजी. म्हणाली, "म्या पाह्यलीच नाई तिले. तुया आजा, रामाजी, थोरला लेक ना तिचा, तं समदे रामाजीची मायच म्हनत. नाव कोन घेते? पन काऊन पाह्यजे तुले?"

सांगितलं सगळं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे शेजारच्या तीन घरांनाही कळलं. आत्या हसायलाच लागली. "अरे बयताडा! शकुन काय गुपचूप बसनारी होती? एकडाव आलती माह्या घरी, अर्ध्या घंट्यात माह्या सासूच्या बहिनीच्या नंदेचं नाव काढून गेली, जे मले ठाव नोतं! थे काय तुह्यासारखी वरीसभर हिंडते? गेल्या गेल्या पणजेसासूले पुसलं असन, मामीजी, तुमचं नाव काय जी?"

खरं आहे हो! गाडी यायच्या आत फलाटावरच्या बाईचं माहेर काढणारी ती! तिला आता पणजीचं नाव माहीत आहे, गाव माहीत आहे, ताप किती दिवस होता, काढा कोणी दिला, सगळं. आणि असलं काही सांगायला लागली की मी काय करायचो? पेपरातून मान वर न काढता... हं. चव्वेचाळीस वर्षं, हं! आता ऐकायला बसलोय, पेपर बंद केलाय, तर...

परवा वर्षश्राद्ध आहे. भटजी विचारतीलच. सांगून टाकणार आहे, मला नाही माहीत, हिला विचारा.