किरायेदाराचा ओटा

रुचिरा : बाबा, आपल्या ओट्याला हात लावायच्या आधी अर्ज द्यावा लागते का?

बाबा : काय?

रुचिरा : माझा प्रश्न नाही. माझ्या मैत्रिणींनी, अंतरा आणि चैत्रालीनं, पैज लावली होती, बाबांना तोंडावर विचारून दाखव. विचारला! त्या दिवशी आपल्याकडे आल्या तर बिचाऱ्यांना सरबताचं लिंबू बाथरूमच्या बेसिनवर पिळावं लागलं नं.

आई : मग कुठं पिळणार? पांढऱ्या मार्बलवर? एक थेंब पडला की डाग जन्मभराचा.

बाबा : ते राहू दे. इकडे ये, वरच्या फ्लॅटचा ओटा ठरवून राहिलो. पुढच्या महिन्यात किरायेदार येतील. बघ, तीन तुकडे आणले. टाइल, कडप्पा आणि हा काळा ग्रॅनाइट.

आई : टाइल नको. सांध्यात मळ बसते, मग झुरळं.

बाबा : कडप्पा तेल पिते. ग्रॅनाइट बघ, काल रात्रभर हळद-तेल लावून ठेवलं. सकाळी पुसलं, साफ! वरून गरम तवा ठेवला. ढिम्म!

रुचिरा : वा! मग महाग असेल.

बाबा : छे. आपल्या मार्बलच्या निम्म्यात.

रुचिरा : अच्छा! म्हणजे दुप्पट पैसे दिले की नाजूक मिळते?

बाबा : तुला नाही समजायचं. किरायेदाराचा काही भरवसा नसते. ते रोज स्वयंपाक करतात!

रुचिरा : रोज? बाप रे, काय लोक असतात!

आई : रुचिरा, पुरे.

रुचिरा : काहून पुरे? आपली फोडणी मागच्या गॅलरीत, पोळ्या टेबलावर. ओट्यावर प्लास्टिक. पाहुणे आले की काढायचं, गेले की घालायचं.

बाबा : पाहुणे काय म्हणतात, ऐकलं नं? नर्मदेवरचा संगमरवरी भेडाघाटच घरात आणला म्हणतात!

रुचिरा : हाव, तिथंही नावेतून बघायचंच असते. स्वयंपाक कोणी करत नाही.

बाबा : चलो, तुझ्या वाढदिवसाला हॉटेलात जाऊ. झालं?

रुचिरा : मला घरीच पाणीपुरी करायची आहे, बाबा. दोन महिन्यांपासून सांगून राहिली. आणि दिवाळीपासून आपले पोहे बिनालिंबाचे आहेत, ते कोणाला दिसलं?

(आई ग्रॅनाइटच्या तुकड्यावर बोट फिरवते.)

आई : अहो, याला लिंबानं खरंच काही होत नाही?

बाबा : काहीच नाही.

आई : सांडलं, पुसायचं राहून गेलं, तरी?

बाबा : तरी. किरायेदारासाठीच आहे नं तो.

रुचिरा : मग ऐका दोघंही, माझं ठरलं. गुरुवारी वर ग्रॅनाइट लागते. रविवारी माझा वाढदिवस वरच. पाणीपुरी मी करते. आई, तू फक्त पोहे कर.

आई : आणि लिंबं?

रुचिरा : पिशवीभर आणते.